तीच ही गाडी

अहिल्यानगरच्या लष्करी छावणीतील रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन, चर्चिल, पॅटन, विजयंता अशा अवजड रणगाड्यांच्या सोबतीला एक लहानखुरी चिलखती मोटार आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने उभारलेले हे संग्रहालय फेब्रुवारी १९९४मध्ये सुरू झाले. तिथल्या पन्नासेक जुन्या वाहनांत ही मोटार वयाने सर्वांत वडील मानली जाते. तिच्या अंगावर पोलादी पत्रे आणि डोक्यावर बुरूज आहे, पण ज्या घडणीच्या चेसिसवर ती उभी आहे ती चेसिस युद्धासाठी जन्मलेली नव्हती. ती रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी घाट चढण्याच्या आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धा गाजवणाऱ्या गाडीची. एकाच वस्तूत अशा दोन वस्तू नांदत असल्या की समोर उभी आहे ती नेमकी कोण, असा प्रश्न पडतो. जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. भाग बदलत गेले तर गाडी तीच राहते का, आणि राहत असेल तर कशाच्या बळावर? प्रश्न फार जुना आहे. भारतीय दर्शनांनी तो रथावर, घड्यावर आणि दिव्याच्या ज्योतीवर तपासला, धर्मशास्त्राने भंगलेल्या मूर्तीवर तपासला. त्याची निरनिराळी उत्तरे जपणारी ठिकाणे एकट्या नगर जिल्ह्यातच चार-पाच सापडतात.

सिल्व्हर घोस्ट हे नाव सुरुवातीला एकाच गाडीचे होते. रोल्स-रॉइसने १९०६ साली ४०/५० अश्वशक्तीची सहा सिलिंडरची गाडी बाजारात आणली. पुढच्या वर्षी ६०५५१ क्रमांकाच्या चेसिसवर उघडी बॉडी बांधून तिला रुपेरी रंग दिला, दिव्यांना आणि जोडकामाला चांदीचा मुलामा चढवला आणि गाडीवर सिल्व्हर घोस्ट अशी पाटी लावली. या गाडीने इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर १४,३७१ मैल एकदाही नाइलाजाने न थांबता कापले. मग लोक कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक ४०/५० गाडीला सिल्व्हर घोस्ट म्हणू लागले. १९२६पर्यंत इंग्लंड आणि अमेरिका मिळून साडेसात हजारांहून अधिक चेसिस तयार झाल्या. न्यायसूत्रांत पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती आणि जाती असा तिहेरी सांगितला आहे. या गाडीच्या नावात तो तिहेरीपणा उघड दिसतो. ती एकच गाडी, तिची घडण, आणि तिच्या जातीच्या सगळ्या गाड्या, तिघींना नाव एकच. गाडीच्या ओळखीबाबत जो गोंधळ होतो, त्यातला बराचसा या तिघांची सरमिसळ केल्याने होतो.

या जातीने महाराष्ट्र फार लवकर पाहिला. १९०८मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची चाचणी-स्पर्धा झाली. अंतर ६२० मैल, वाटेत सह्याद्रीचे सहा घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या सिल्व्हर घोस्टने ती जिंकली आणि पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. युरोपात मात्र १९१२च्या आल्प्स स्पर्धेत एक सिल्व्हर घोस्ट काटशबर्गच्या घाटात अडली. तीनच गिअर असल्याने तिला चढ झेपेना, प्रवासी उतरवावे लागले. कंपनीने चार गिअरची पेटी बसवून १९१३मध्ये पुन्हा गाड्या उतरवल्या आणि त्या वर्षी स्पर्धेवर त्यांचीच छाप राहिली. स्पर्धेच्या गाडीचे आयुष्य असेच असते. ती हरली की बदलते, मोडली की बदलते, जिंकली तरी पुढच्या मोसमासाठी बदलते. तिच्यात कधीच बदल झाला नसेल, तर ती बहुधा शर्यतीत उतरलेलीच नसते.

१९१४च्या युद्धात ब्रिटिश आरमाराच्या हवाई दलाने याच चेसिस उचलल्या. स्प्रिंगांत पाती वाढवली, मागच्या धुऱ्यावर जोडचाके घातली, वर चिलखत आणि बुरूज बसवून व्हिकर्स मशीनगन चढवली. अरबस्तानच्या वाळवंटात टी. ई. लॉरेन्सने या गाड्या वापरल्या. १९२०मध्ये सुधारित नमुना आला, १९२१मध्ये भारतासाठी वेगळा. या वंशातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाला थेट भिडते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला इजिप्तमध्ये काही रोल्स-रॉइस चिलखती मोटारींच्या चेसिस थकल्या, तेव्हा सैन्याने त्यांची चिलखती अंगे उचलून फोर्डसन ट्रकच्या चेसिसवर ठेवली. त्यानंतर त्यांना फोर्डसन चिलखती मोटार असे नाव पडले. सैनिक रोज ज्यात बसत होते ते अंग तेच, काम तेच, आणि नाव मात्र खालच्या सांगाड्यावरून ठरले. नगरच्या मोटारीला रोल्स-रॉइस म्हणतात तेही याच न्यायाने. मोटारींच्या जगात चेसिस हा आत्मा आणि बॉडी हा देह, असा संकेत रूढ झालेला दिसतो. तो संकेतच आहे, सिद्धान्त नव्हे, हे पुढे स्पष्ट होईल.

गाडी दुरुस्त होते म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हे आधी पाहायला हवे. त्या काळच्या गाड्यांची बॉडी अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून केलेली असे. पत्रा टिकतो, लाकूड आतून कुजते. म्हणून मिस्त्रीला पत्रा अलगद उचलून आतला एकेक दांडा नव्याने घडवावा लागतो आणि जुना पत्रा त्यावर पुन्हा बसवावा लागतो. इंजिन खोलताना गंजलेले बोल्ट कित्येक दिवस घासलेटात भिजत पडतात. क्रँकच्या बेअरिंगचा पांढरा धातू झिजलेला असतो. तो वितळवून काढतात, नवा ओततात आणि मग हाताने घासून बसवतात. क्रँकला निळा रंग लावून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा, धातूवर जिथे निळे डाग उठतील तिथे उंचवटा आहे असे समजायचे, तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडायचा, रंग पुसून पुन्हा क्रँक फिरवायचा. सगळीकडे सारखा निळा उठेपर्यंत हे चालते. एका बेअरिंगला दिवस जातो. शेवटी त्या बेअरिंगमध्ये मूळ धातूचा कणही उरलेला नसतो, पण क्रँक पूर्वी जसा फिरत होता तसा फिरू लागतो. रंगाचेही असेच. जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून, खड्ड्यांत लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून नवा रंग चढवला की गाडी आरशासारखी चकाकते, आणि तिने आयुष्यभर सोसलेल्या ओरखड्यांचा इतिहास त्या धुळीबरोबर वाहून जातो. हे शेवटचे काम अनेकदा गरज नसताना केले जाते, आणि त्याने झालेली हानी कधी भरून येत नाही.

या प्रश्नावर एका न्यायालयाला निकाल द्यावा लागला होता. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या स्पीड सिक्स गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पहिल्या वेळी चालक वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन, दुसऱ्या वेळी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन. १९३१मध्ये तिने ब्रुकलँड्सची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी तिच्यात आठ लिटरचे इंजिन घातले गेले, आणि त्याच शर्यतीत २४ सप्टेंबर १९३२ रोजी गाडी उतरत्या कडेवरून बाहेर उडून चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. अपघातानंतर ती नव्या बॉडीसह पुन्हा उभी राहिली, मालक बदलत गेले, आणि कित्येक दशकांनी तिला शर्यतीच्या रूपात परत आणण्यात आले. १९९०च्या सुमारास एका कंपनीने ती एक कोटी पौंडांना घेण्याचा करार केला आणि मग माघार घेतली. ही ती गाडीच नाही, असे कंपनीचे म्हणणे. लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे खटला चालला. तज्ज्ञांनी एकेका भागाचे वय काढले. निष्पन्न झाले ते असे की १९२९च्या गाडीतले जवळजवळ काहीच उरलेले नाही, १९३०मधले थोडेफार आणि १९३२मधले काही भाग आहेत.

तरीही न्यायमूर्तींनी निकाल दिला की ही ओल्ड नंबर वनच आहे. ती मूळ स्थितीत आहे असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचा आधार वेगळा होता. ही गाडी कधीही मोडीत निघाली नाही, तिची जागा दुसऱ्या गाडीने घेतली नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना धागा कुठे तुटला नाही, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. करार पाळणे खरेदीदाराला भाग पडले. निकाल व्यापारी करारावरचा असला तरी त्यातला विचार दार्शनिक आहे. वस्तूचे तेच असणे तिच्या द्रव्यात शोधले तर हाती काही लागत नाही, इतिहासात शोधले तर लागते.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात हाच युक्तिवाद रथावर बेतलेला आहे. राजा रथात बसून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो की धुरा म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सगळ्यांची बेरीजही रथ नाही, कारण सुटे भाग ढिगाने पडले असतील तर त्यात कोणी बसत नाही. आणि भागांवेगळा रथही कुठे दाखवता येत नाही. मग राजाच कबूल करतो की भागांच्या आधाराने रथ हे नाव व्यवहारात चालते. नागसेनाने रथ नाकारलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवे. रथ आहे, पण भागांच्या मागे लपलेला कुणी तो नव्हे. त्याच संवादात पुढे दिव्याचा दाखला येतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही, कारण तेल आणि वात बदलत एकीतूनच दुसरी पेटत गेली आहे. ओल्ड नंबर वनचा निकाल जवळजवळ शब्दशः हाच आहे.

न्याय-वैशेषिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते भाग एकत्र आले की अवयवी नावाची खरीखुरी नवी वस्तू जन्मते. पट म्हणजे केवळ तंतू नव्हेत, तंतूंत राहणारा पण तंतूंहून वेगळा असा तो एक पदार्थ आहे. ही भूमिका व्यवहाराला जवळची वाटते, पण तिची किंमत जबर आहे. पटातला एक तंतू काढला तर जुना पट नष्ट झाला आणि एक नवा खंडपट जन्मला, असे मानणे भाग पडते. घड्याची कड उडाली तर खंडघट हा नवाच घडा. या हिशेबाने गाडीचा एक प्लग बदलला की जुनी गाडी संपली. घडा आव्यात भाजला की तो काळ्याचा लाल होतो, तेव्हा काय घडते यावरही त्यांच्यात दोन तट पडले. वैशेषिकांचा पीलुपाकवाद म्हणतो की उष्णतेने घड्याचे परमाणू सुटे होतात, त्यांचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळून नवा घडा होतो. नैयायिकांचा पिठरपाकवाद म्हणतो की घडा आहे तसा राहून त्याचाच रंग बदलतो, कारण आव्यात डोकावले तर घडा जागच्या जागी दिसतो आणि त्यावर ठेवलेले दुसरे घडे खाली कोसळत नाहीत. जुन्या गाड्यांच्या जगात आजही हे दोन पंथ आहेत, फक्त ती नावे कुणी घेत नाही. एकाला वाटते की नट-बोल्टपर्यंत सुटी करून पुन्हा जोडलेली गाडी ही नवी गाडी होय. दुसऱ्याला वाटते की ती एवढा वेळ गॅरेजात होती, कुठे गेली नव्हती.

तर मग ‘तीच ही गाडी’ ही ओळख कशाची? दर्शनांत तिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि ‘तोच हा देवदत्त’ हे तिचे ठरलेले उदाहरण. बौद्धांनी तिच्यावर केलेला आक्षेप मार्मिक आहे. कापून पुन्हा वाढलेल्या केसांना आणि नखांनाही माणूस तेच म्हणतो, तेव्हा ओळख पटली म्हणून वस्तू एक ठरत नाही. नैयायिक उत्तर देतात की कुणी टिकून राहत नसेल तर आठवण कोणाला होते? ज्याने पाहिले त्यालाच आठवते, म्हणून आत्मा मानावा लागतो. वेदान्ती देवदत्ताच्या वाक्यातले ‘तेव्हाचा’ आणि ‘आताचा’ हे विरोधी अंश सोडून उरलेले शुद्ध रूप घेतात आणि त्याच पद्धतीने महावाक्याचा अर्थ लावतात. माणसाच्या बाबतीत या उत्तरांत दम आहे. गाडीच्या बाबतीत नाही. गाडीला आठवत काही नाही. तिच्यावरून काळ, रंग, इंजिन, बॉडी असे एकेक सोलत गेले तर तळाशी शुद्ध गाडी सापडत नाही. चेसिस म्हणजे आत्मा हा संकेत इथे उघडा पडतो, कारण ओल्ड नंबर वनची १९२९ची चेसिसही शेवटी जवळजवळ उरली नव्हती. माणसाविषयी कोणी कोणतेही मत धरो, गाडीविषयी नागसेनाचेच म्हणणे मान्य करावे लागते. गाडीची आठवण गाडीत नसते. ती चालकांत, मिस्त्रींत, वहीखात्यांत आणि छायाचित्रांत असते, आणि तिथला धागा तुटला तर गाडीतला धातू साक्ष द्यायला पुरत नाही.

धर्मव्यवहारात मात्र याहून वेगळी उत्तरे दिली गेली, आणि ती सगळी एकसारखी नाहीत. मूर्तीचे शास्त्र पाहावे. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये, असा सामान्य नियम. जीर्णोद्धाराच्या विधीत मूर्तीतले देवत्व मंत्रांनी कलशात आवाहन करून घेतात, जुनी मूर्ती जलाशयात विसर्जित करतात, नवी घडवून तिच्यात त्या देवत्वाची प्रतिष्ठा करतात. द्रव्य पूर्ण बदलले, आकार थोडा बदलला, तरी देव तोच, कारण मध्ये कलश होता. धागा सांभाळण्याची सोय विधीतच करून ठेवली आहे. या नियमाला अपवाद आहे तो स्वयंभू मूर्तीचा. ती झिजली, भंगली तरी टाकायची नाही. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात भीमेकाठी सिद्धटेकचा सिद्धिविनायक स्वयंभू मानला जातो, त्याच्या गाभाऱ्याचे बांधकाम अहिल्याबाई होळकरांचे. देवळाचे दगड बदलले, मूर्तीला कोणी हात लावला नाही. याच जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या या बाईंनी देशभर देवळे उभी केली. काशी विश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८०चे, त्यांनीच बांधलेले. नव्या चिऱ्यांच्या देवळात देव जुनाच आहे, याविषयी एकाही यात्रेकरूच्या मनात किंतू नसतो.

शेंदराचे उदाहरण तर गाडीच्या रंगाशी थेट जुळते. अनेक मूर्तींवर शतकानुशतके शेंदराचे थर चढत जातात आणि मूळ घडण दिसेनाशी होते. वणीच्या सप्तशृंगी देवीचे असे कवच २०२२मध्ये उतरवले, तेव्हा आतले कोरीव रूप दिसू लागले. देवी कोणती खरी, पिढ्यांनी पाहिलेली की आतून निघालेली? भक्तांनी दोन्ही तीच मानली, आणि ते योग्यच होते. पण थर काढण्याचा निर्णय मूर्ती वाचवण्यासाठी घेतलेला होता, तिला नवी दिसायला लावण्यासाठी नव्हे. चांगला कारागीर गाडीवरचा जुना रंग खरवडण्याआधी स्वतःला हाच प्रश्न विचारतो.

याच्या अगदी उलट टोकाला स्मृतिवस्तू. शिर्डीच्या साईबाबांची उशाला घेण्याची वीट १९१८मध्ये त्यांच्या देहत्यागाआधी फुटली. तिच्या जागी दुसरी वीट आणून तीच ही असे म्हणण्याला तिथे अर्थच नव्हता. फुटलेली वीट त्यांच्या समाधीत ठेवली गेली. नगरजवळच्या मेहेराझादला अवतार मेहेरबाबांची निळी बस जपलेली आहे. १९३८ नंतरच्या भारतभ्रमणात ती वापरली गेली, आणि १९४९च्या जून-जुलैत बाबांनी चाळीस दिवसांचा एकांतवास तिच्यात केला. ती आता चालत नाही आणि तिला चालती करावी असे कोणाला वाटतही नाही. जुनी मोटार म्हणून पाहिले तर तिचा पत्रा बदलणे, नवे इंजिन बसवणे ही साधी कामे ठरतील. भक्तासाठी मात्र पत्रा बदलला की बस संपली, कारण बाबांचा सहवास त्या पत्र्याला लाभला आहे. इथे द्रव्य हेच सर्वस्व आहे.

तिसरे टोक नेवाशाचे. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात तो पैस खांब अजून आहे, त्याभोवतीचे देऊळ आधुनिक काळातले. त्या पहिल्या लेखनाची पोथी आज नाही. तरी ज्ञानेश्वरी गेली असे कोणी म्हणत नाही, कारण ग्रंथाचे तेच असणे कागदात नसते, शब्दांच्या रचनेत असते. रचना जशीच्या तशी उतरली की हजारावी प्रतही ज्ञानेश्वरीच. गाडीचे असे होत नाही. बेंटली कंपनीने बर्किनच्या १९२९च्या ब्लोअर गाडीचा एकेक भाग खोलून, मोजून, त्या मापांवरून अलीकडे १२ नव्या गाड्या केल्या. आकृती तीच, जातही तीच म्हणता येईल, पण त्यांतली एकही बर्किनची गाडी नाही. नगरच्याच वाहननगरात संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. तिथे एका नमुन्याची चाचणी होते आणि प्रमाणपत्र त्या घडणीच्या सगळ्या वाहनांना लागू पडते. चाचणीला आकृती पुरते, इतिहासाला पुरत नाही.

शर्यतीची जुनी गाडी या तिन्हींपैकी कुठे बसते? ती पोथी नाही, कारण नक्कल पुरत नाही. ती वीट नाही, कारण बदल हा तिच्या जगण्याचाच भाग होता, आणि जिच्यातला एकही भाग कधी बदलला नाही अशी शर्यतीची गाडी मिळणे कठीण. ती मूर्तीला जवळची आहे, पण तिच्यासाठी मंत्र नाही, कलश नाही. एका रूपातले स्वत्व दुसऱ्या रूपात नेणारा तिचा कलश म्हणजे वापर आणि नोंद. म्हणून तिच्या आयुष्यात झालेला बदल आणि तिचे आयुष्य संपल्यावर केलेला बदल यांत फरक करायला हवा. १९३२मध्ये शर्यतीसाठी घातलेले आठ लिटरचे इंजिन तिच्या चरित्राचा भाग आहे. अर्धशतकानंतर चकाकी यावी म्हणून घातलेला भाग तिच्या जीर्णोद्धाराचा भाग आहे. दोन्ही चालतील, पण दोन्ही एक नव्हेत. फळ्या एकेक करून बदलत गेलेल्या थिसिअसच्या जहाजाच्या ग्रीक कथेला इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने जी पुस्ती जोडली ती या व्यवसायात प्रत्यक्ष घडते. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? एका गॅरेजातून काढलेली तडकलेली चेसिस दुसऱ्या गॅरेजात जाते, तिच्यावर नवी बॉडी चढते, आणि एका क्रमांकाच्या दोन गाड्या उभ्या राहतात. अशा वेळी तत्त्वज्ञान निकाल देऊ शकत नाही. कोणता भाग केव्हा, कोणाच्या हाताने आणि कशासाठी निघाला, एवढेच विचारता येते.

भारतीय कायद्याने यावर आपली रेघ ओढली आहे. जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी वा चारचाकी विंटेज ठरते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असेल तर ठरत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,०००, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. वाहन तपासताना चेसिसच्या लोखंडावर ठोकलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, आकडे उमटतात आणि तो कागद फाइलला लागतो. ही रेघ काटेकोरपणे लावली तर ओल्ड नंबर वन बाहेर पडेल. नियम नोंदणीपुरता ठीक आहे. इतिहासाचा निवाडा त्याच्यावर सोपवू नये.

ट्युरिन सनद म्हणून ओळखला जाणारा, जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेचा दस्तऐवज याहून सूक्ष्म आहे. त्याचा भर जपणुकीवर आहे, बदल कमीत कमी करावा यावर आहे, आणि बदललेल्या भागावर तो बदललेला असल्याची कायम खूण असावी यावर आहे. मराठीत या शिस्तीचे उदाहरण चारशे वर्षांहून जुने आहे. नकला होता होता ज्ञानेश्वरीत पाठभेद आणि पदरच्या ओव्या शिरल्या होत्या. पैठणच्या एकनाथांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढे मोठे कवी असून त्यांनी आपली ओवी त्यात घातली नाही, आणि जो घालील त्याला कडक शब्दांत बजावले. शेवटी काम केव्हा पुरे झाले ते लिहून ठेवले, शके १५०६. मूळ ग्रंथाचा शके १२१२ आणि शोधनाचा शके १५०६ हे दोन्ही आकडे वाचकाला शेजारी शेजारी दिसतात, आणि एकाने दुसऱ्याला झाकलेले नाही.

गाडीचे काम करणाराही हेच करू शकतो. नवा ओतलेला पिस्टन बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही पण पुढच्या मिस्त्रीला सापडेल अशा जागी, साल ठोकायचे. निघालेला जुना पिस्टन भंगारात द्यायचा नाही. तो तेलकट कागदात गुंडाळून, वर सिलिंडरचा क्रमांक आणि तारीख लिहून, गाडीबरोबर जाणाऱ्या पेटीत ठेवायचा.